तुमचा हेतू मी विचारणार नाही

चिथावणीचे मजकूर पसरवणाऱ्या अनामिकास,

तुम्ही कोण, कुणाच्या सांगण्यावरून हे करता, पैसे मिळतात की नुसती मजा वाटते, याचा शोध घेणं मी सोडलं आहे. त्याला कारण आमच्याच नाशिक जिल्ह्यातली एक रात्र.

१ जुलै २०१८ रोजी, शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती. त्याच दिवशी रात्री आमच्या मालेगावात परभणीकडचं पाच जणांचं एक कुटुंब तशाच संशयाने घेरलं गेलं. सोबत लहान मूलही होतं. एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं, पोलिसांनी जमावाला तोंड देत बाहेर काढलं. पाचही जीव वाचले.

दोन्हीकडच्या जमावाने परक्या माणसांच्या मनात काय आहे, हे क्षणात ठरवून टाकलं होतं. तुमच्याबद्दल मीही तेच करायचं?

त्या वर्षी देशभर एक चित्रफीत फिरत होती. दुचाकीवरचे दोघे मूल उचलून नेतात. ती मुळात कराचीत बनली होती, हरवणाऱ्या मुलांबद्दल पालकांना सावध करण्यासाठी. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात. तेवढाच भाग कुणीतरी कापला. बनवणाऱ्यांचा हेतू चांगला, कापणाऱ्याचा ठाऊक नाही, आणि पुढे पाठवणाऱ्या कितीतरी आईबापांच्या पोटात खरीखुरी भीती. आग मात्र सगळ्यांच्या हातून सारखीच लागली.

म्हणून मी तुम्हाला 'विकले गेलेले' म्हणणार नाही. म्हटलं की वाद तुमच्यावर येतो, मजकूर खरा की खोटा हे बाजूलाच राहतं. शिवाय जे निव्वळ घाबरून पाठवतात, त्यांच्या हेतूवर बोट ठेवलं की ते दुखावून तुमच्या बाजूला जाऊन उभे राहतात. मला ही हानी सगळ्यात मोठी वाटते.

हेतूला किंमत नाही असं नव्हे. धार्मिक भावना दुखावल्याच्या गुन्ह्यात दुष्ट हेतू सिद्ध करावाच लागतो. पण तिथे पुरावे असतात, उलटतपासणी असते, वर्षं जातात. रात्री अकराला फोन हातात घेतलेल्या माझ्याकडे यातलं काही नसतं. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. घाबरलेल्या आईला आणि तुम्हाला ती सारखीच लागू झाली. मला तो मार्ग पटतो.

तेव्हा यापुढे तुमचा मजकूर आमच्या ग्रुपवर आला की मी एवढंच विचारेन: गाव कोणतं, तारीख कोणती, कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद आहे, पूर्ण चित्रफीत कुठे आहे? उत्तर आलं नाही, तर तो माझ्याकडून पुढे जाणार नाही. आणि त्यात कुणाचा फोटो किंवा गाडीचा नंबर असला, तर तुमच्याशी वाद घालत न बसता मी ११२ ला फोन करेन.

एक नाशिककर