पाठांतरावर विमान उडत नाही

बारामती-इंदापूरकडे डोक्यावर घिरट्या घालणारी शिकाऊ विमानं आता कुणाला नवीन नाहीत. २५ जुलै २०२२ ला त्यातलं एक कडबनवाडीत शेतात कोसळलं. एकटीच उडवत होती ती मुलगी, सुदैवाने वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर बारामतीजवळ चार दिवसांत दोन विमानं पडली. कारणं शोधणं तपास यंत्रणेचं काम. मी घरातलं सांगतो.

भाचा पुण्यात रूम घेऊन डीजीसीएच्या पेपरची तयारी करतोय. पास व्हायला ७० टक्के लागतात. प्रश्नसंच तोंडपाठ. मी विचारलं, "उड्डाणाआधी एकेक मॅग्नेटो बंद करून बघतात, तेव्हा आरपीएम जरा उतरतो. समजा, उतरलाच नाही तर?"

"मग भारीच की मामा!"

भारी कसलं? मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणारी वस्तू, आकुर्डीच्या जुन्या चेतकमध्ये असायची तीच. विमानाच्या इंजिनाला दोन असतात, एक गेला तरी दुसरा चालावा म्हणून. आरपीएम उतरला नाही, तर बंद केलेला मॅग्नेटो मुळात बंदच झालेला नसेल. चावी काढली तरी तो जिवंत. कुणी हाताने पंखा फिरवला आणि इंजिन धडधडलं, तर हात जाईल, जीवही जाईल.

कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं, खर्च लाखांत. कुणी जमीन विकतं, कुणी कर्ज काढतं. पालकांनो, फी भरण्याआधी क्लासवाल्यांना एवढंच विचारा: उत्तर शिकवता, की कारण?