एक दात कमी

आपले हितचिंतक नेमके किती, हे मोजायचे असेल तर माणसाने घरात एक जुनी मोटारसायकल आणावी. आमच्या कन्येने ती आणली. तिला नोकरी लागली पाचगणीच्या शाळेत, आम्ही राहतो वाईला आणि मध्ये पसरणीचा घाट. गाडी शंभर सीसीची, दहा वर्षे वापरलेली. चालवणारीचा परवाना मात्र कोरा करकरीत. गाडी दारात लागली आणि सल्लागार मंडळ आपोआप स्थापन झाले.

"महागातलं पेट्रोल घाल, पोरी. घाटात कशी उडते बघ!" माझे मेव्हणे म्हणाले. महाग वस्तूवर त्यांचा फार विश्वास.

"छे! पेट्रोलमध्ये थोडं ऑइल मिसळायचं," शेजारचे काका म्हणाले. "आमची येझदी त्यावरच पळायची." काकांची येझदी टू-स्ट्रोक, तिला ते लागायचेच, आमची गाडी फोर-स्ट्रोक. त्या जुन्या येझदीचे उत्पादन म्हैसूरला 1996 साली थांबले. काकांचे मात्र अजून चालू आहे.

शेवटी गाडी मिस्त्रींकडे नेली. ते म्हणाले, "साहेब, ऑक्टेन म्हंजे ताकद नव्हं. इंजिनात दाब पडल्यावर पेट्रोलनं आपल्या मनानं पेटू नये, ठिणगीची वाट बघावी, एवढाच त्याचा अर्थ. जादा दाबाच्या इंजिनाला ते लागतं. हिला साधंच बास."

संयमालाही आकडा असतो, हे ऐकून बरे वाटले. मेव्हण्यांचा एकदा काढून घ्यायला हवा.

साध्या पेट्रोलमध्येही आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. लिटरमागे त्याची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे ऍव्हरेज थोडे घटते. जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून मिस्त्रींनी पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरची वायसरे बदलली. सातारा जिल्ह्यात राहून उसाशी वैर धरता येत नाही. आपणच नळ्या बदलायच्या.

मग मी माझा मुद्दा काढला. "मिस्त्री, पुढचं स्प्रॉकेट एका दातानं कमी केलं तर?"

हिशेब सोपा होता. पुढे 14 दात, मागे 42. म्हणजे पुढचे तीनदा फिरते तेव्हा मागचे चाक एकदा. पुढे 13 बसवले की त्याच कामाला 3.23 फेरे. ओढ सुमारे 8 टक्क्यांनी वाढते. पण इंजिनाच्या ज्या फेऱ्यांत गाडी 60 ने पळायची, तिथे ती 56 ने पळते.

"बसवूनच टाका!" मी म्हणालो.

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "ओढ वाढावी म्हणून, का वेग कमी व्हावा म्हणून?"

मी चेनकडे बघू लागलो.

"साहेब, एक दात काढून पोरीची काळजी कमी व्हत न्हाई. सपाटीला इंजिन उगा वरडंल. एकटीच्या वजनाला हाय ते पुरं हाय. त्यापरीस तिला गिअर शिकवा. चढाला इंजिन कण्हायच्या आत गिअर खाली घ्यायचा. आन् उताराला, चढताना जो गिअर लागला त्यातच उतरायचं. न्यूट्रल करायचं न्हाई. इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत न्हाईत."

"आणि काका, चेन किती ढिली ठेवायची?" कन्येने विचारले. आमच्या अख्ख्या मंडळात हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता.

"इंचभर वर-खाली झाली पायजे. हिला जमंल, साहेब."

दोन रविवार तिने मिस्त्रींच्या बायकोचे आंब्याचे लोणचे पोचवण्याच्या निमित्ताने घाट चढून-उतरून पाहिला. सोमवारी ती नोकरीवर निघाली. तो अर्धा तास मी एकाच पानावर पेपर वाचत होतो. सौभाग्यवतींनी देवापुढचा दिवा दोनदा लावला. मग फोन वाजला.

"बाबा, पोचले! वळणावर दुसरा टाकला, मस्त चढली."

"बघा!" मेव्हणे म्हणाले. "मी म्हणत नव्हतो, महागातलं पेट्रोल घाला?"

मी काही बोललो नाही. पोरगी पोचली होती. अशा वेळी श्रेय कुणीही घ्यावे.