तपकिरी जर्दाळूची बाजू

सुक्या मेव्याच्या दुकानात जर्दाळू दोन रूपांत मिळतात. एक केशरी, लुसलुशीत, बी काढलेले. दुसरे तपकिरी, सुरकुतलेले, बियांसकट. बहुतेकांचा हात केशरीकडे जातो. फळप्रक्रिया हा माझा विषय असल्याने मला तपकिरी जर्दाळूंची बाजू घ्यावीशी वाटते.

कापलेला जर्दाळू हवेशी संबंध येताच काळवंडू लागतो. गंधकाची धुरी दिली की ते थांबतं, रंग टिकतो आणि बुरशीही दूर राहते. तुर्कस्तानातल्या मालात्याहून जगभर जाणारा केशरी माल असाच तयार होतो. प्रमाणात वापरलेली धुरी बहुतेकांना बाधत नाही. दम्याच्या काही रुग्णांना मात्र त्रास होऊ शकतो. धुरीविना उन्हात सुकलेलं फळ काळपट होतं खरं, पण त्याला काकवीसारखी खोल गोडी येते.

ताज्या जर्दाळूत सुमारे ८६ टक्के पाणी असतं. खरी चव झाडावर पिकल्यावरच येते आणि पिकलेलं फळ प्रवासात टिकत नाही. म्हणून लडाखमध्ये उन्हाळा सरता सरता घरांच्या धाब्यांवर जर्दाळू वाळत घातलेले दिसतात. हिवाळ्याची ती बेगमी असते. तिथल्या रक्तसे कार्पो या जातीला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिची बी पांढरी आणि आतला मगज गोड. इतर अनेक जातींचा मगज कडू असतो. त्या कडवटपणामागे अमिग्डॅलिन असतं आणि पोटात त्यापासून सायनाइड तयार होतं. कडू मगज बदाम समजून कधीही खाऊ नये.

पाणी उडालं की साखरेबरोबर आंबटपणाही दाटतो. जर्दाळूचं स्वयंपाकातलं मोल या आंबटपणात आहे. पारशी घरांतल्या जर्दाळू सल्ली बोटीत तो मटणाचा जडपणा कापतो. वर कुरकुरीत बटाट्याची सल्ली. हैदराबादच्या खुबानी का मीठामध्ये तोच आंबटपणा साखर आणि साय यांना तोलून धरतो.

हा गोड पदार्थ करायचा तर तपकिरी जर्दाळू धुऊन रात्रभर भिजवावेत. सकाळी बिया काढाव्यात आणि भिजवलेल्या पाण्यातच फळं मंद आचेवर शिजवावीत. अर्धा स्वाद त्या पाण्यात उतरलेला असतो. साखर शेवटी घालावी. आधी घातली तर फळ नीट मऊ होत नाही. बिया फोडून मगज चाखून पाहावा. गोड निघाला तर सोलून वर पेरावा, कडू लागला तर थुंकून टाकावा आणि बाकीचेही फेकून द्यावेत.

या दिवाळीत दुकानदाराकडे गंधकाची धुरी न दिलेले, बियांसकट जर्दाळू मुद्दाम मागा. गिऱ्हाईक रंग पाहून घेत राहिलं, तर दुकानदार रंगच विकणार. चव मागणारं गिऱ्हाईक वाढलं, तरच उन्हात फळ सुकवणाऱ्याच्या मेहनतीला भाव मिळेल.