डावा हात

१२ जून
ब्लाउजच्या डाव्या बाहीत हात शिरेना. शिवताना ठेवलेली माया सगळी उसवली. तरी घट्ट.

१४ जून
फिजिओथेरपीच्या ताईंनी दोन्ही हातांवर मनगटापासून दर ४ सेंटिमीटरवर पेनाने खुणा केल्या, टेप फिरवली. कोपराखाली ३ सेंटिमीटरचा फरक. अंगठ्याने दाबलं, खळगा पडला, लवकर भरेना. लिम्फेडेमा. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या, वर रेडिएशन. लसिकेचा निचरा अडलाय. ऑपरेशनच्या वेळी यातलं कुणी काही बोललं नव्हतं. घरी येईपर्यंत संताप मावेना.

१७ जून
लेझर सुरू. त्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, आजार परतलेला नाही ना, याची. डोळ्यांवर गॉगल. काखेत एकेका ठिकाणी मिनिटभर प्रोब टेकवतात. ९०४ नॅनोमीटर, डोळ्यांना न दिसणारा. ऊब नाही, टोचणं नाही. मग हलका मसाज, मग बोटांपासून दंडापर्यंत पट्ट्या. ह्यांनी विचारलं, काय वाटलं? काहीच नाही. त्याचीच धास्ती.

२१ जून
वाचत बसले. २००३ सालचा ऑस्ट्रेलियातला अभ्यास. काही बायकांना खरा लेझर, काहींना नुसताच खोटा. उपचारांच्या एका फेरीने विशेष फरक नाही. दोन फेऱ्यांनंतर दोन-तीन महिन्यांनी साधारण ३१ टक्के जणींच्या हाताची सूज ठळक उतरली. २००६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा लेझरला मंजुरी दिली.
तिघींतली एक. बाकी दोघींचं काय झालं असेल?

५ जुलै
पहिली फेरी संपली. टेप जिथल्या तिथे. आता आठ आठवडे थांबायचं.

२३ जुलै
डास चावला एवढंच. संध्याकाळी हात लालभडक, हुडहुडी, ताप. सेल्युलायटिस. सुईसाठी सिस्टरनी डावाच हात धरला. उजवा पुढे केला.

२ सप्टेंबर
दुसरी फेरी.

११ सप्टेंबर
गौरीजेवण. पुरणाचं पातेलं धाकट्या जाऊबाईंनी उचलू दिलं नाही. "वहिनी, तुम्ही नुसतं सांगा." हळदीकुंकवाला एकीने हातावरची दाबाची स्लीव्ह बघून विचारलं, "भाजलं का हो?" खरं ते सांगितलं, सगळ्यांसमोर. खोली गप्प. निघताना खालच्या मजल्यावरच्या काकू दाराशी रेंगाळल्या. पदर बाजूला केला. त्यांचाही हात.

१० ऑक्टोबर
कोपराजवळची कातडी चिमटीत आली! कितीतरी दिवसांनी. टेप मात्र फार हललेली नाही. ताई म्हणाल्या, आधी मऊपणा येतो.

२ डिसेंबर
फरक १.८ सेंटिमीटर. लेझरने किती, पट्ट्यांनी किती, ते सांगता येणार नाही, असं ताई स्पष्ट म्हणाल्या. स्लीव्ह सुटणार नाही. चालेल. बाही उसवायची वेळ नको.
काकूंचीही मापं घेतली. त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी आणायची आहे. गुरुवारी मी बरोबर जाणार.