आधी हवा, मग गन

मेकॅनिकलची डिग्री घेऊन मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो, त्याचं उट्टं मामा दर सुट्टीत काढतो. "इंजिनिअर, हे बघ जरा" म्हणून काहीतरी पुढ्यात टाकतो. यंदा टाकली ती स्प्रे गनची माहितीपत्रकं. कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला त्याचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं जुनं. जुन्या गनची सुई झिजलीय आणि फवारा एकाच बाजूला पडतो. नवीन घ्यायची, बजेट पस्तीस हजार, आणि एका विक्रेत्याने त्याच्या डोक्यात भरवलंय की घ्यायची तर एचव्हीएलपीच.

दोन शनिवार-रविवार यात घातले. ज्यांना गाडी रंगवण्यात काडीचा रस नाही त्यांनी आजचा लेख सोडून दिला तरी चालेल, पण शेवटचा भाग वाचा.

एचव्हीएलपी म्हणजे हवा भरपूर, दाब कमी. जुन्या पद्धतीच्या गनला ४०-५० पीएसआय दाब लागतो. रंगाचे कण पत्र्यावर जोरात आपटतात आणि त्यातले बरेच परत उडतात. ढोबळमानाने तिसरा हिस्सा, फार तर चाळीस टक्के रंग पत्र्याला लागतो, बाकी सगळं धुकं. एचव्हीएलपीत एअर कॅपपाशी दाब १० पीएसआयच्या वर जात नाही आणि निदान ६५ टक्के रंग लागावा अशी अपेक्षा असते. कॅलिफोर्नियातल्या प्रदूषणाच्या नियमांमुळे १९८०-९० च्या दशकांत ही गन पसरली. हिशोब सरळ आहे. एक लिटर क्लिअर मारला तर जुन्या गनने साधारण ६०० मिली हवेत, नवीने ३५०. पैसेही वाचतात. म्हणजे विक्रेता खोटं बोलत नव्हता.

फक्त त्याने मामाचा कॉम्प्रेसर बघितला नव्हता. बहुतेक एचव्हीएलपी गनना मिनिटाला १० ते १५ घनफूट हवा लागते. मामाचा कॉम्प्रेसर २ एचपीचा, १६० लिटरची टाकी, प्लेटवर लिहिलंय ८ सीएफएम. आता प्लेटवरचा आकडा हा सिलिंडर किती हवा ओढतो त्याचा असतो, बाहेर किती येते त्याचा नाही. म्हटलं मोजूनच बघू. टाकी ६० पीएसआयवर आणली, कॉक बंद केला, मोबाईलवर घड्याळ लावलं आणि ९० पर्यंत जायला किती वेळ लागतो ते पाहिलं. १ मिनिट ५५ सेकंद. ३० पीएसआय म्हणजे साधारण दोन वातावरणाचा दाब, गुणिले १६० लिटर, म्हणजे सव्वातीनशे लिटर हवा. भागाकार केला तर मिनिटाला १७० लिटर, अर्थात ६ सीएफएम. तुमच्याकडे कॉम्प्रेसर असेल तर हा प्रयोग जरूर करा, कॅटलॉग वाचण्याआधी.

मामा म्हणाला, "आरं, हवा ती हवा. टाकी भरल्याली हाय की!" टाकी भरलेली असते तोवर खरंय. फेंडर दोन मिनिटांत होतो. बॉनेटला मात्र अर्ध्यात दाब पडतो, थेंब जाड होतात आणि क्लिअर मोसंबीच्या सालीसारखा दिसायला लागतो. मग पाणीपेपर मारा, पॉलिश करा, गिऱ्हाईकाला उद्या या सांगा. (आमच्याकडे याला पीक लोडवर टेस्ट न करता रिलीज करणं म्हणतात. उद्या या तेही आम्ही सांगतो.)

५ एचपीचा कॉम्प्रेसर घ्यायचा तर सगळं बजेट त्यातच संपतं. म्हणून ६ सीएफएमच्या आसपास भागणारी, कमी हवेवर चालणारी ग्रॅव्हिटी गन ठरवली. जर्मन गन मामाने हातात घेऊन पाहिली आणि किंमत ऐकून हळूच परत ठेवली. त्या पैशात सेकंडहँड मोटरसायकल येते. आम्ही घेतल्या दोन साध्या गन: कलर आणि क्लिअरला १.४ नोझल, सरफेसरला १.८. एकाच गनने दोन्ही मारू नये, कारण प्राइमरचा कण कुठेतरी अडकून राहतो आणि काळ्या क्लिअरवरच बाहेर पडतो. अंडरबॉडी कोटिंगची गन जुनीच चालेल, तिथे नक्षी कोण बघतंय.

खरे पैसे लावले ते पाइप आणि फिल्टरवर. पाव इंची पाइप लांब टाकला की वाटेतच दाब गळतो, म्हणून ३/८ चा घेतला. शिवाय रेग्युलेटरसकट पाणी-तेल वेगळं करणारा फिल्टर. ७ बारला हवा आठवा हिस्सा होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीत बसते. कोल्हापूरचा जुलै असेल तर विचारूच नका. टाकीचा खालचा नळ रोज उघडायचा, हे पोराकडून भिंतीवर लिहून घेतलं.

आता राहिलं धुकं. ही स्प्रे गन आली कुठून माहितीये? अमेरिकेत टोलेडोचे डॉ. ॲलन डेव्हिलबिस यांनी १८८० च्या दशकात घशात औषध फवारायचं उपकरण केलं. पुढे त्यांच्या मुलाने त्याच कल्पनेवर रंगाची गन केली. म्हणजे घसा बरा करायला निघालेली वस्तू!

टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुफ्फुसात गेलं की दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की थोड्याशा धुक्यानेही उसळतो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याच्या म्हणण्याप्रमाणे गाड्या रंगवणाऱ्यांना दम्याचा धोका तिथल्या सरासरी कामगाराच्या सुमारे ८० पट आहे. वास येत नाही म्हणजे नाही, असंही नाही. मामा सव्वीस वर्षं तोंडाला रुमाल बांधतो आणि काम झालं की गुळाचा खडा चघळतो. "काय झालंय मला?" मामी वेगळं सांगते: पहाटेचा खोकला, दोन वर्षं झाली.

योग्य उपाय म्हणजे बाहेरून हवा पुरवणारा मास्क. त्यालाही मिनिटाला ६-७ घनफूट स्वच्छ हवा लागते, म्हणजे पुन्हा कॉम्प्रेसर. तो पुढच्या दिवाळीच्या हिशोबात धरलाय, ५ एचपी आणि श्वासाच्या हवेचा वेगळा फिल्टर. तोवर उरलेल्या पैशात रबरी अर्धा मास्क, सेंद्रिय वाफेची काडतुसं आणि एक जुना एक्झॉस्ट फॅन. हे पुरेसं नाही, मामाला तसं स्पष्ट सांगितलंय. फुफ्फुसाची तपासणीही ठरलीय, तारीख दोनदा पुढे गेली.

काल फोन केला. पोरगा म्हणाला, रंग मारताना लावतो मास्क, पण फिनिशिंग बघायला लगेच वर सरकवतो, आणि गन धुताना काढूनच ठेवतो. नेमकं तेव्हाही धुकं हवेत असतंच. पुढच्या शनिवारची कोल्हापूरची बस बुक केलीय.