तीन सायकली आणि इयाची दरी

जपानमध्ये सायकल रेल्वेतून नेता येते, पण ती सुटी करून पिशवीत घालावी लागते. चाके काढा, सांगाड्याला बांधा, वर पिशवी चढवा. आमच्यातल्या इंजिनियरला (म्हणजे प्रस्तुत लेखकाला) याला पंचवीस मिनिटे लागतात, कन्येला दहा. गेल्या नोव्हेंबरात आम्ही तिघे अशी तीन बोचकी घेऊन ओसाकाहून निघालो, ओकायामाला गाडी बदलली आणि सेतोच्या पुलावरून समुद्र ओलांडून रात्री शिकोकू बेटावरच्या आवा-इकेदाला मुक्कामाला पोचलो.

निमित्त कन्येचे. एप्रिलपासून ती सप्पोरोला शिकायला जाणार हे नुकतेच ठरले होते. गेली दोन वर्षे आमच्या घरातला संवाद म्हणजे आम्ही मराठीत विचारायचे आणि तिने जपानीत 'हं' म्हणायचे. त्यामुळे "जायच्या आधी एकदा सायकलने कुठेतरी जाऊ या" असे तीच म्हणाली तेव्हा आम्ही दोघांनी हातातली कामे टाकली. खरी काळजी सौ.ची होती. ती सायकल शिकली वयाच्या तिसाव्या वर्षी, इथेच, मागे मुलीची खुर्ची लावलेल्या 'ममाचारी'वर. पाळणाघर ते घर एवढाच तिचा दौरा. घाट कधी चढलेली नाही. तिच्यासाठी शेजारणीकडून गिअरची सायकल मागून आणली होती.

सकाळी निघालो तेव्हा योशिनो नदीवर धुके होते. ही नदी १९४ किलोमीटर लांब. पुरासाठी बदनाम असलेल्या तीन नद्यांना जपानी लोकांनी भावंडांसारखी नावे दिली आहेत: तोने म्हणजे तारो, चिकुगो म्हणजे जिरो आणि ही तिसरी, साबुरो. थोरला, मधला, धाकटा! इयागुचीपाशी योशिनो सोडून आम्ही तिची उपनदी इया हिच्या दरीत शिरलो. हा जुना रस्ता १९२० साली पुरा झाला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी आणि मध्ये जेमतेम एका मोटारीपुरती वाट. आपल्या ताम्हिणीची आठवण झाली, फक्त इथे झाडे लाल-पिवळी. मध्येच कड्याच्या टोकावर लघवी करणाऱ्या पोराचा पुतळा आहे, १९६८ साली बसवलेला. खाली दोनशे मीटर दरी. त्या खडकावर उभे राहून धीटपणा दाखवायची गावच्या पोरांची पैज असे म्हणतात. सौ. त्या बाजूला फिरकलीच नाही.

चढावर कन्या कायम पुढे. वळणावर थांबायची, आम्ही दिसलो की पुन्हा निघायची. सौ. मात्र एकदाही उतरली नाही. हळू चालवली, पण चालवली.

दुपारी काझुराबाशीला पोचलो. वेलींचा झुलता पूल, ४५ मीटर लांब, २ मीटर रुंद, नदीपासून १४ मीटर उंच. ११८५ साली दान-नो-उराच्या लढाईत हरलेले हेइके या दऱ्यांत लपले आणि शत्रू आला तर तोडता यावेत म्हणून त्यांनी वेलींचे पूल बांधले, अशी कथा आहे. दर तीन वर्षांनी वेली बदलतात. आतून पोलादी तारा आहेत. इंजिनियरांनी त्या आधी शोधून काढल्या आणि मगच पाय ठेवला. पायाखालच्या फळ्यांमध्ये पाऊल जाईल एवढ्या फटी. आणि पूल एकेरी, मागे फिरायची सोय नाही.

निम्म्यावर कन्या थांबली. दिवसभर पुढे असलेली मुलगी, दोन्ही हातांनी वेल धरून, चेहरा पांढराफटक. मागे माणसे खोळंबली. आम्ही "अगं तारा आहेत आत!" म्हणून पाहिले, त्याचा शून्य उपयोग. सौ. तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि लहानपणी जिना चढताना मोजायची तसे मोठ्याने मोजू लागली. एक, दोन, तीन. एका आकड्याला एक फळी. दहाच्या पुढे कन्येचा आवाज मिसळला. छत्तीस, सदतीस, अडतीस... आणि गाडी अडली. "नऊतीस?" कन्येने विचारले. इथे वाढलेल्या आपल्या समस्त मुलांना पाडणारा तोच तो आकडा! सौ. हसायला लागली, मग कन्या, मग पूलही हलायला लागला. एकोणचाळीस, चाळीस करत दोघी पलीकडे पोचल्या. इंजिनियर मागून आले, त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

पुलाजवळ निखाऱ्यावर भाजलेले बटाटे, घट्ट तोफू आणि कोन्याकू यांची मिसो लावलेली काडी खाल्ली. शाकाहारी माणसाने दोन घ्याव्यात.

पुढे बोगदा ओलांडून उताराने ओबोकेला, पुन्हा योशिनोवर. 'ओबोके' म्हणजे मोठी पावले धोक्याची आणि पुढचे 'कोबोके' म्हणजे लहान पावलेही धोक्याचीच, असा लोक अर्थ लावतात. तिरक्या थरांचे खडक आणि मध्ये हिरवे पाणी. पलीकडून रेल्वे जाते. या घळीतून १९३५ साली ती नेणाऱ्यांना मनोमन नमस्कार केला. २०१७ साली इथे राफ्टिंगची जागतिक स्पर्धा झाली होती. हमरस्त्यावर ट्रक फार, म्हणून शेवटचे अंतर दिवे लावून एकामागे एक कापले. या वेळी सौ. पुढे आणि कन्या मागे, असे कन्येनेच ठरवले.

परतीच्या गाडीत तीन बोचक्यांपलीकडून आवाज आला, "आई, नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?"

आम्हा दोघांनाही सांगता आले नाही.