मांडणी निराळी, घर एकच

एकत्र कुटुंबांत नव्या वस्तूचा प्रवेश ही साधी गोष्ट नसते. कोठीच्या खोलींतील डबे हलविले तरी चार जणांचीं चार मतें पडतात, आणि ज्या हातांना जुनी जागा पाठ झालेली असते ते कांहीं दिवस रिकाम्या फळीकडेच वळतात. घरांतील सामाइक संगणकाचेंही तसेंच आहे. आमच्या लोणावळ्याच्या घरीं त्याच्या पडद्याची नवी मांडणी करून पाहण्याचें ठरलें, तेव्हां आलेला अनुभव वाचकांपुढें ठेवावासा वाटतो.

आमचा संगणक लिनक्सवर चालतो. लिनक्स हा पाया. खिडक्या, बटणें, फाइलींचीं दालनें ही त्यावरील निराळी रचना असून तिला डेस्कटॉप म्हणतात. पाया तोच ठेवून ही रचना बदलतां येते. आमच्याकडील रचनेचें नांव प्लाझ्मा. ती सिद्ध करणाऱ्या केडीई या मंडळाचा आरंभ मत्तियास एटरिख या जर्मन विद्यार्थ्यानें १४ ऑक्टोबर १९९६ रोजीं केला. त्या काळीं एका कार्यक्रमाचें रूप व वागणें दुसऱ्यासारखें नसे; सामान्य माणसाला वापरतां येईल अशी एकसूत्री रचना असावी, ही त्याची इच्छा होती. प्लाझ्माची सहावी आवृत्ति २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं प्रसिद्ध झाली. तिला मूल्य पडत नाहीं, व तिची घडण कोणासही उघडून पाहतां येते.

आमचा पुतण्या या आवृत्तीसाठीं उतावीळ झाला होता. थोरल्या बंधूंचें मत उलट होतें: चालत्या गाड्याला खीळ कां घालावी? परंतु खरा प्रश्न आमच्या मातोश्रींचा होता. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. घराण्याचे कुळाचार, सणावारांचे नैवेद्य, मावळांतील आप्तांच्या हकीकती त्या कित्येक वर्षें संगणकावर मराठींत लिहीत आहेत. त्या नातवाला म्हणाल्या, "बाळ, तुझें नवें काय तें खुशाल आण, पण माझें लिहिलेलें हरवलें, तर तें दुसऱ्यांदा लिहिण्याइतकें आयुष्य माझ्याजवळ नाहीं." यावर वाद थांबला व सावधगिरी सुरू झाली.

प्रथम त्या सर्व लेखनाची प्रत स्वतंत्र डिस्कवर काढून कपाटांत ठेविली. मग नवी आवृत्ति पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरूनच सुरू केला. या युक्तीनें आंतल्या डिस्कवर कांहींही न लिहितां नवी मांडणी पाहतां येते. आषाढांत आमच्या गांवीं वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. अशा वेळीं ही परीक्षा फार सोयीची.

पहिलाच फरक हाताला जाणवला. जुन्या मांडणींत एका क्लिकनें दालन उघडे. नवींत दोन लागतात. मातोश्रींनीं एकदां दाबलें, आणि "कुलूप लावलेंत काय?" असें विचारलें. इतर प्रणालींतून येणाऱ्या बहुसंख्य लोकांस दोन क्लिकांचीच संवय असल्यामुळें हा बदल केलेला आहे. परंतु मांडणीच्या सेटिंग्जमध्यें एक खूण बदलतांच जुनी रीत परत मिळते. ती मिळाली, आणि मातोश्रींचा चेहरा निवळला.

दुसरा फरक डोळ्यांना दिसत नाहीं. पडद्यावर चित्र उमटविण्याचें काम १९८४ पासून चालत आलेल्या एक्स या यंत्रणेऐवजीं आतां वेलँड करते. एक्समध्यें एका कार्यक्रमाला दुसऱ्यांत दाबलेलीं अक्षरें टिपतां येत. वेलँडनें तें दार बंद केलें. लोणावळेकरांस हा प्रकार नवा वाटूं नये. १८६३ सालीं भोर घाटांतील लोहमार्ग खुला झाला, तेव्हां गाडीला मध्येंच थांबून उलट दिशेनें पुढें जावें लागे. १९२९ सालीं नवा मार्ग काढून तो खोळंबा टाळण्यांत आला. कर्जत आणि लोणावळें आपापल्या जागीं राहिलीं. बदलली ती मधली वाट.

मराठी टंकलेखनाची कळफलक-रचना, इनस्क्रिप्ट, हिचें तसेंच झालें. १९९१ च्या भारतीय मानकांत असलेली ही रचना, स्वर डावीकडे व बहुतेक व्यंजनें उजवीकडे, येथेंही मिळाली. मातोश्रींनीं आपल्या लेखनाची प्रत उघडून चैत्रगौरीच्या प्रकरणांत एक ओळ घातली. बोटें कोठें अडलीं नाहींत.

तेव्हां बंधूंनींही संमति दिली, आणि नवी आवृत्ति डिस्कवर बसविली. प्रत्येकाचें खातें मात्र निराळें केलें. मातोश्रींच्या खात्यांत अक्षरें दीडपट मोठीं आणि एकच क्लिक. बंधूंच्या खात्यांत सर्व कांहीं शक्य तितकें पूर्वीसारखें. वहिनींच्या समोर घरखर्चाची वही. आणि पुतण्याच्या पडद्यावर गरगर फिरणारा घन.

आमच्याकडे "चूल वेगळी झाली" हे शब्द सुखाचे मानले जात नाहींत, कारण त्यांत घर दुभंगल्याची सूचना असते. परंतु एकाच यंत्रांत चार मांडण्या सुखानें नांदतांना पाहून आमच्या मनांत आलें कीं, एकत्र राहण्यास सर्वांनीं एकाच रीतीनें वागलें पाहिजे असें नाहीं. पाया सामाइक असावा, वडीलधाऱ्यांचा ठेवा आधीं सुरक्षित करावा, आणि नव्याची परीक्षा कोणाचें कांहीं न मोडतां घ्यावी. एवढें पथ्य सांभाळलें म्हणजे तरुणांचा उत्साह आणि वृद्धांची संवय यांत वैर उरत नाहीं. मातोश्री आतां भिंग न घेतां लिहितात, आणि चैत्रगौरीपुढील प्रकरणही त्यांनीं आरंभिलें आहे.